डावा हात दाखवा

जिंतूर तालुक्यातल्या पन्नाशी ओलांडलेल्या कुठल्याही गड्याला डावा हात उताणा करायला सांगा. अंगठ्याच्या बुडाशी, नाहीतर तर्जनीच्या पेरावर एखादी पांढुरकी रेघ निघतेच. उजवा हात बहुधा साफ असतो, डावखुऱ्यांचं उलट. पातं धरणारा हात वाचतो, वस्तू धरणारा हात कापला जातो. चाकूबद्दलची ही सगळ्यात मूळची गोष्ट, पण आमच्या भागात ती कुणी कुणाला बसवून सांगितलेली नाही. ज्याची त्याला रक्त बघून कळली.

या रेघांचा विषय काढला की पारावरची माणसं खुलतात. गुडघेदुखी, पीकविमा, सोयाबीनचा भाव सगळं बाजूला पडतं आणि हात पुढे येतात. ही विटी करताना लागलेली, ही उसाची, ही पट्ट्याला भोक पाडताना. चाकू कुठल्या जत्रेतून आणला होता तेही सांगतात. पण घरी कधी कळलं, असं विचारलं की हसतात. घरी कळूच दिलं नव्हतं. मला या हसण्यातच खरी गोम दिसते, आणि तिच्याकडे यायचं आहे. आधी चाकूकडे बघू.

आमच्याकडे खिशातला चाकू दुकानातून क्वचितच यायचा. तो यायचा जत्रेतून. महाशिवरात्रीला औंढा नागनाथ, फेब्रुवारीत परभणीचा तुराबुल हकचा उरूस, मार्गशीर्षात कुणी बैल-घोडे बघायला माळेगावला गेलं तर तिथून. (औंढा आता हिंगोली जिल्ह्यात आहे, १ मे १९९९ पर्यंत ते आमच्याच परभणी जिल्ह्यात होतं, आणि म्हाताऱ्यांच्या बोलण्यात अजूनही आहे.) शिट्ट्या, आरसे, करदोडे, कंगवे यांच्या पालावर एका कोपऱ्यात चाकू मांडलेले असत. मासोळीच्या आकाराची पितळी मूठ, शेपटीला कडी, पोटातून निघणारं बोटभर पातं. त्या कडीत दोरा ओवायचा आणि चाकू करदोड्याला बांधायचा, म्हणजे चड्डीच्या फाटक्या खिशावर विसंबायला नको.

ही मासोळी दिसायला देखणी आणि कामाला कच्ची. पातं मऊ लोखंडाचं, धार टिकत नसे. मुठीतली खीळ दोन महिन्यांत ढिली होई. आणि मुख्य म्हणजे तिला खटका नसे. उघडलेलं पातं आतल्या पातळ पट्टीच्या ताणावर काय थांबेल तेवढंच. तरी तेवढ्यावर आमचं अख्खं बालपण चालायचं. कैरीच्या फोडी, उसाची साल, गलोरीचं बेचकं, पतंगाची कामटी, ज्वारीच्या धाटाची बैलगाडी. धाटाची साल हीच मुळी पात्याइतकी धारदार, त्यामुळे बैलगाडी करताना चाकूने कापलं की सालीने, हा वाद नेहमीचा.

सगळ्यात अवघड काम विटीचं, आणि सगळ्यात जास्त रेघाही विटीच्याच. बाभळीची नाहीतर बोरीची अंगठ्याएवढी जाड फांदी घ्यायची, वितीपेक्षा थोडा कमी तुकडा तोडायचा आणि दोन्ही टोकं निमुळती करायची. पहिलं टोक सोपं जातं, कारण दुसरीकडे धरायला अख्खं लाकूड असतं. मग पोरगं विटी उलटी करतं. आता डाव्या हातात आलेली बाजू निमुळती, ओल्या सालीमुळे बुळबुळीत, आणि धरायला जागा जेमतेम दोन बोटांची. लाकूड हलू नये म्हणून ते छातीशी टेकवलं जातं. गाठ आडवी आली की जोर वाढतो, गाठ सुटली की पातं सुटतं, आणि समोर असतो अंगठा.

यावरचा उपाय जाणत्या पोरांना माहीत असायचा, पण ती सांगत नसत. ज्याच्या हातची विटी चांगली त्याचा गावात मान, तो कशाला सांगेल! उपाय असा: तुकडा आधी तोडायचाच नाही. हातभर लांब फांदीच्या शेंड्याला पहिलं टोक काढायचं. मग वितीच्या अंतरावर चहूबाजूंनी खाच घेत दुसरं टोक काढायचं, तेही फांदीला जोडलेलं असतानाच. डावा हात सगळा वेळ मागे, फांदीच्या बुडाशी. विटी तयार झाली की शेवटी मोडून घ्यायची. पात्याच्या वाटेत बोट येतच नाही. पुस्तकात ‘शरीरापासून दूर कापावे’ असं एक वाक्य असतं. ते खरंच आहे, पण वीतभर तुकड्याचं दुसरं टोक काढताना ते पाळायचं कसं, हे त्या वाक्यात नसतं. फांदी लांब ठेवली की ते आपोआप पाळलं जातं.

आणि इथे एक गोष्ट आपल्या घरातली आडवी येते. आपल्याकडे लेकरू पहिल्यांदा कापणं बघतं ते विळीवर. विळीचं पातं जागचं हलत नाही, हात वस्तू घेऊन पात्याकडे जातो. वांगं, कांदा, भेंडी, सगळं माय पात्याकडे ढकलत असते, स्वतःपासून पुढे. चाकूत हे उलटतं. पातं हलतं, वस्तू थांबते. विळी बघून मोठं झालेलं पोरगं चाकू हातात आला तरी वस्तूच पुढेमागे ढकलत राहतं, म्हणजे पातंही हलतं आणि डावा हातही. दोन्ही हलणारे हात एकमेकांच्या वाटेत येणारच. मुंबईच्या स्वयंपाकवर्गात फळीवर भाजी कापायला शिकवताना डाव्या हाताची बोटं आत मुडपून ठेवायला सांगतात. आमच्या स्वयंपाकघरात ती सवय कुणाला लागायचं कारणच नव्हतं.

पण विळीचं शिक्षण मात्र घरोघरी होई, आणि ते मुलींना मिळे. आठ-नऊ वर्षांची झाली की पोरीला विळीवर बसवायचे. पाट पायाखाली घट्ट दाब. बोलताना हात थांबव. उठायचं असेल तर आधी विळी पाडून ठेव. विळी ओलांडू नको. पातं ओलं ठेवू नको. नजर वर गेली की मागून आजीचा आवाज यायचाच. हे नियम कुणी कागदावर लिहिले नाहीत, तरी प्रत्येक घरात जवळपास तेच होते, आणि ते हात कापायच्या आधी सांगितले जात. त्याच घरातला मुलगा जत्रेतून मासोळी घेऊन यायचा आणि त्याला कुणीच काही सांगत नसे. फार तर ‘फेक ते’ एवढं. मुलीला शिकवलं, मुलाला दटावलं. पुढे मुलीच्या हाती जन्माची विळी आली हा भाग निराळा आणि काही कौतुकाचा नाही. पण धारेची शिस्त कशी द्यायची हे आपल्या घरांना माहीत नव्हतं, असं मात्र म्हणता येत नाही. मुलांच्या बाबतीत ती द्यावीशी वाटली नाही.

दुसऱ्या जातीची रेघ आडवी असते, तर्जनीच्या नाहीतर मधल्या बोटाच्या आतल्या बाजूने, आणि ती उजव्या हातावर सापडते. ही मिटलेल्या पात्याची. मासोळीला खटका नाही हे वर आलंच. असा चाकू कापायला चालतो, कारण कापताना जोर धारेवर असतो आणि तो पात्याला उघडाच ठेवतो. टोक खुपसलं की गणित फिरतं. वडिलांचा जुना पट्टा कंबरेला मोठा होतो म्हणून पोरगं पट्ट्याला नवीन भोक पाडायला बसतं. टोक चामड्यात रुततं, अडकतं. ते फिरवून काढताना जोर पात्याच्या पाठीवर येतो आणि पातं मुठीकडे मिटतं. मुठीभोवती चार बोटं असतातच. चांभार हेच काम आरीने करतो आणि कापायला रापी वापरतो, रापीला मिटणारा सांधा नसतो; पण चांभाराकडे जायचं म्हणजे पैसे मागावे लागणार.

या सांध्यावर जगात बरंच डोकं चालवलं गेलं आहे. फ्रान्सच्या सव्वॉय भागात जोसेफ ओपिनेलने १८९० च्या सुमारास शेतकऱ्यांसाठी लाकडी मुठीचा साधा चाकू केला. त्याच्या मानेवर पातं अडकवणारी फिरती कडी आली ती १९५५ मध्ये. कडी फिरवली की पातं मिटत नाही, एवढंच. आज हा चाकू मुलांसाठी गोल टोकाचाही मिळतो. स्वित्झर्लंडमध्ये कार्ल एल्सनरने १८९१ मध्ये लष्कराला पुरवायला सुरुवात केलेला चाकू त्याहून प्रसिद्ध, पण त्या घराण्याचे खिशातले छोटे लाल चाकू बहुतेक बिनखटक्याचेच आहेत. म्हणजे महागडा परदेशी चाकू आणला म्हणून पट्ट्याला भोक पाडायची मुभा मिळत नाही. चाकू विकत घेताना पातं उघडून, पात्याची पाठ लाकडावर टेकवून हलका दाब द्यावा आणि मिटतंय का बघावं. मिटत असेल तर तो फक्त कापायचा चाकू, खुपसायचा नाही, हे लेकराला तिथेच सांगावं.

तिसरी रेघ लहानपणचीच असते असं नाही. ती विळ्याची. दसरा-दिवाळीच्या मध्ये आमच्याकडे सोयाबीन काढणीला येतं, ऊन चढायच्या आत रानं उरकायची घाई असते, आणि डाव्या मुठीत धरलेल्या धाटांच्या खालून विळा ओढला जातो. मुठीतली करंगळी खाली सरकली की संपलं. या दिवसांत तालुक्यात कितीतरी जणींच्या करंगळीला चिंधी असते. शाळेला दिवाळीची सुट्टी लागते तीही याच दिवसांत, म्हणजे विळा धरणाऱ्यांत पोरंही असतात. शहरातल्या पालकाला ‘मुलाला चाकू द्यावा का’ असा प्रश्न पडतो. इथे तो प्रश्न पडायच्या आधीच मुलाच्या हातात चाकूच्या तिप्पट लांबीचं हत्यार आलेलं असतं.

आता त्या हसण्याकडे.

बोट कापलं की पहिली भीती रक्ताची नसायची, माराची असायची. ‘तुला सांगितलं होतं ना’ या वाक्याच्या मागून चापट यायची, आणि चाकू विहिरीत जायचा. म्हणून मग गोठ्याच्या आडोशाला बसून उपचार व्हायचे. कंबरमोडीचा पाला चुरून त्याचा रस जखमेवर पिळायचा, बांधावर तो कुठेही मिळतो. तो नाही मिळाला तर हळद, ती मागितली तर घरात संशय येणार म्हणून चहाची पूड, नाहीतर चुन्याचं बोट. विडीचा कागद थुंकी लावून चिकटवायचा. काहीच नसेल तर माती. कधी चुलीतली राख. मग चिंधी, आणि दोन दिवस डावा हात खिशात. जेवताना डावा हात लागत नाही, ही आपल्या संस्कृतीने चोरट्या जखमांना केलेली मोठीच मदत.

माती आणि राख ऐकून डॉक्टर कपाळाला हात लावतात, त्याला कारण आहे. धनुर्वाताचे जंतू गंजात जन्माला येत नाहीत, तरी ‘गंजकं लागलं का?’ एवढंच अजून विचारलं जातं. ते राहतात मातीत आणि जनावरांच्या शेणात, कवच धरून, वर्षानुवर्षं. गोठ्याचा आडोसा हा त्यांचा घरचा पत्ता. हवा न पोचणारी खोल, अरुंद जखम त्यांना मानवते. चाकूच्या टोकाने होते ती नेमकी तशीच. पात्यावर गंज नसला आणि जखम इवलीशी असली तरी वर माती दाबली की झालं. लक्षणं दिसायला साधारण तीन दिवसांपासून तीन आठवडे लागतात, तोवर रेघ भरूनही आलेली असते. जबडा आवळायला लागल्यावर मग घरात विचारपूस सुरू होते की लागलं कधी होतं.

आज लेकरांना याची लस मिळते. जन्मल्यावर सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला, मग दीड वर्षाच्या सुमाराला, पाचव्या-सहाव्या वर्षी, आणि पुढे दहाव्या व सोळाव्या वर्षी. २०१५ मध्ये भारतात बाळंतिणी आणि नवजात बाळांच्या धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं, आणि ते मोठं काम होतं. पण देवी रोगासारखा हा जंतू जगातून घालवता येत नाही, तो मातीत आहेच. दहाव्या वर्षाचं इंजेक्शन शाळा बदलताना, गाव सोडताना, ऊसतोडीला जाताना हमखास हुकतं. मळकी किंवा खोल जखम असेल आणि शेवटची मात्रा घेऊन पाच वर्षं उलटली असतील, तर पुन्हा घ्यावी लागते. स्वच्छ किरकोळ कापाला हीच मुदत दहा वर्षांची. डॉक्टरला हे ठरवता यावं म्हणून त्याला दोन गोष्टी कळायला हव्यात: लागलं कशाने आणि लागलं कधी. चोरून ठेवलेल्या जखमेत दोन्ही उत्तरं खोटी असतात.

लपवण्याचं दुसरं नुकसान आयुष्यभराचं. बोटाच्या आतल्या बाजूला, कातडीखाली अगदी उथळ, बोट वाकवणाऱ्या दोऱ्या जातात. पातं मिटून झालेला काप बाहेरून अर्ध्या इंचाचा दिसतो, रक्त पाच मिनिटांत थांबतं, आणि आतली दोरी तुटलेली असते. तपासणी सोपी आहे: रक्त थांबल्यावर प्रत्येक पेर वेगळं वाकवून बघायचं आणि बोटाच्या दोन्ही कडांना कापसाचा स्पर्श कळतो का ते विचारायचं. एखादं पेर वाकत नसेल, एक बाजू बधिर असेल, तर जखम कितीही लहान असो, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. हाताच्या शस्त्रक्रियेचे अमेरिकेतले एक आद्य सर्जन स्टर्लिंग बनेल तळहाताच्या वरच्या घडीपासून बोटाच्या मधल्या पेरापर्यंतच्या पट्ट्याला ‘निर्मनुष्य प्रदेश’ म्हणत. तिथे तुटलेली दोरी लगेच शिवायच्या फंदात पडू नये, असं त्या काळी मत होतं. १९६० च्या दशकात ते बदललं. आज हे काम पहिल्या काही दिवसांत करतात. उशीर झाला की तुटलेलं टोक तळहाताकडे मागे सरकतं आणि आखडतं. पारावर मला दाखवलेल्या हातांत न वाकणारी बोटं होती. त्यांच्या मालकांना ती चाकूची शिक्षा वाटते. मला ती लपवण्याची वाटते.

आणि लपवायला भाग पाडणारं घर काही दुष्ट नव्हतं. आपल्याकडे लोखंडाला संरक्षणाचा मान आहे. बाळ पाच दिवसांचं असताना पाचवीच्या पूजेत त्याच्या शेजारी विळा ठेवतात. लेकरू झोपेत दचकायला लागलं की उशाखाली सुरी. लग्नात हळद लागली की नवरदेवाच्या हातात लिंबू खोचलेली कट्यार. खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं, खुरप्यापासून अडकित्त्यापर्यंत, धुऊन पुसून पाटावर मांडली जातात, त्यांना हळदकुंकू वाहिलं जातं. पाच दिवसांच्या बाळाला आणि पंचविशीतल्या नवरदेवाला पातं चालतं. मधल्या वर्षांत, जेव्हा हात ते चालवायला शिकू शकतो, तेव्हा नको.

यात आता नव्या भीतीची भर पडली आहे. २०२२-२३ पासून पुण्यातल्या कोयता गँगच्या बातम्या गावोगाव मोबाइलवर पोचल्या. ज्या कोयत्याने आमच्याकडचे मजूर कारखान्याला ऊस तोडायला जातात त्याच कोयत्याचं नाव घेतल्यावर आता वेगळंच चित्र उभं राहतं. त्याआधीच्या पिढीला रामपुरी होता, सिनेमातून आलेला, बटण दाबलं की खटकन उघडणारा. ‘वक्त’ (१९६५) मध्ये राजकुमार चाकूवाल्याला हे मुलांचं खेळणं नव्हे म्हणून सुनावतो. तो प्रसंग ज्यांनी सिनेमा पाहिला नाही त्यांनाही ठाऊक आहे, आणि त्याचा परिणाम उलटाच झाला. पोरांना रामपुरीच हवासा वाटू लागला. खुद्द उत्तर प्रदेशात नव्वदच्या दशकात साडेचार इंचांहून लांब पात्याचे रामपुरी करायला बंदी आली आणि ती कारागिरी खंगली.

कायद्याचं म्हणाल तर शस्त्र अधिनियम, १९५९ आणि त्याखालचे नियम नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांना शस्त्रांच्या यादीत धरतात, आणि घरगुती, शेतीच्या, उद्योगाच्या कामासाठी बनवलेली पाती त्यातून वगळतात. जत्रेतली मासोळी यात कुठेच बसत नाही. पण सणासुदीच्या, निवडणुकीच्या तोंडावर महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जिल्ह्यात शस्त्रबंदीचे आदेश निघतात. त्या काळात रस्त्यावर चाकू खिशात घेऊन फिरणं अंगाशी येऊ शकतं. मुलाला चाकू देणाऱ्याने हे त्याला सांगायला हवं, ते धार सांगण्याइतकंच महत्त्वाचं.

भीतीमुळे चाकू घरातून गेला, तरी धार गेली नाही. शाळेच्या कंपासपेटीत दाढीचं अर्धं ब्लेड आलं. गिरमीट हरवलं की पेन्सिलीला टोक ब्लेडनेच. ब्लेडला मूठ नसते, पाठ नसते, ते वाकतं आणि दोन्हीकडून कापतं. खिशातल्या चाकूहून ते कितीतरी वाईट हत्यार आहे. निजामाच्या अमदानीत आमच्याकडच्या शाळा उर्दूतून चालत, तख्तीवर बोरूने लिहीत, आणि बोरू तासायला पोरांना चाकू लागे. आमच्या आज्यांच्या पिढीने लिहिण्यासाठी रोज चाकू चालवला आणि तो मौलवीसाहेबांच्या, गुरुजींच्या नजरेसमोर चालवला. तोच चाकू वर्गातून गेला आणि गोठ्यामागे चालायला लागला.

धारेबद्दलचा एक गैरसमज तर इतका घट्ट आहे की तो काढायला मला मोसंबीच्या रोपवाटिकांचा आधार घ्यावा लागतो. ‘लहान आहे, त्याला बोथट दे’ असं आपण म्हणतो. कलमं करणारी माणसं दिवसभर चाकू चालवतात. रंगपूर लिंबाच्या नाहीतर जंबेरीच्या खुंटावर मोसंबीचा डोळा भरायचा, सालीला उभी-आडवी चीर द्यायची, डोळा अलगद उतरवून आत सरकवायचा. त्यांच्या चाकूला एकाच बाजूने उतार असतो आणि पातं दर थोड्या वेळाने दगडावर फिरतं. बोथट पात्याने साल फाटते आणि डोळा जळतो, हे एक कारण. दुसरं, बोथट पात्याला जोर लागतो, आणि जोर लावलेला हात सुटला की कुठे जाईल ते सांगता येत नाही. तीक्ष्ण पातं कमी जोरात जातं, जिथे थांबवायचं तिथे थांबतं. त्याने कापलंच तर जखमही सरळ होते, शिवायला आणि भरून यायला सोपी. बोथटाने फाटतं. विटीच्या बहुतेक रेघा बोथट मासोळीच्याच आहेत. सुताराच्या घरातल्या पोरांचे हात त्या मानाने साफ, कारण घरातली पटाशी आणि रंधा रोज निसण्यावर चढे आणि बोथट हत्यार हातात धरू दिलं जात नसे.

पोरांना हत्यार शिकवायचं की नाही, हा वाद जगाला आणि आपल्यालाही पुरता अनोळखी नाही. फिनलंडने १८६६ मध्ये मुलग्यांच्या शाळांत हस्तव्यवसाय सक्तीचा केला. स्वीडनमध्ये नेस इथे ऑटो सॉलोमन शिक्षकांना हेच शिकवत, आणि त्यांच्या क्रमात पहिलं हत्यार चाकू आणि पहिली वस्तू एक साधी अणकुचीदार काडी होती. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला. पुढे शाळांत टकळी आली, मग नुसता ‘कार्यानुभव’चा तास उरला, आणि त्या तासाला गणित. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून निघालेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची खेड्यातली मुलं-मुली आठवड्यातला एक दिवस करवत, वेल्डिंग, सुतारकाम, शेतीची कामं प्रत्यक्ष करतात. तिथे मुलीही वेल्डिंग करतात आणि मुलगेही स्वयंपाकाचे पदार्थ करतात. विळी आणि मासोळी यांच्यातली ती जुनी वाटणी तिथे मोडली आहे.

शाळेची वाट बघायची नसेल तर घरी एक दुपार पुरते. लेकरू दहाच्या पुढचं असावं, पण वयापेक्षा एका जागी अर्धा तास बसतं का ते बघावं. कडुलिंबाची ओली, हातभर लांब, गाठ नसलेली फांदी. सुकं लाकूड पहिल्या दिवशी नको. ओट्यावर किंवा पायरीवर बसायचं, कोपरं गुडघ्यांवर टेकवून, काम गुडघ्यांच्या पुढे. मांडीवर ठेवून नाही, मांडीच्या आतल्या बाजूने मोठी रक्तवाहिनी जाते. हात फिरवल्यावर चाकू पोचेल एवढ्या अंतरात दुसरं कुणी नको, धाकटी भावंडं तर नकोच. पहिलं काम नुसती साल काढणं. दुसरं, टोक. दुसऱ्याला द्यायचा तर चाकू मिटून द्यायचा. मिटणारा नसेल तर खाली ठेवायचा, त्याने उचलायचा. हातातून पडला तर पडू द्यायचा, झेलायला जायचं नाही. उघडा चाकू घेऊन चालायचं नाही, चार पावलंसुद्धा.

आणि सुरुवातीलाच, चाकू हातात द्यायच्या आधी, त्याला कापल्यावर काय करायचं ते करून दाखवायचं: वाहत्या पाण्याखाली धुणं, स्वच्छ फडकं, दहा मिनिटं सलग दाब, मधे उचलून बघायचं नाही, हात वर. बोट वाकवून बघणं. हळद नाही, माती नाही. आणि येऊन सांगितलं तर मार नाही, चाकूही जाणार नाही. घरातल्या मोठ्यांना यातलं शेवटचंच जड जातं. पोरगं बोटातून रक्त गळत समोर उभं असताना हात आवरायचा आणि फडकं शोधायचं, याचा सराव आपल्यालाही नाही.

हे सगळं झालं की चाकू स्वयंपाकघरात, दिसेल असा, खिळ्याला. दप्तरात नाही. शाळेत सापडला तर विटीसाठी होता हे कुणी ऐकून घेत नाही, आणि नवरात्रात नाहीतर मतदानाच्या आठवड्यात बसस्टँडवर सापडला तर पोलीसही नाहीत.